नखांचे पापुद्रे सुटतात, टोकं तुटतात: घरच्या घरी काय करता येईल?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. वय ४३. गेली दोन वर्षं हाताची नखं कोरडी पडली आहेत, टोकाशी पापुद्रे सुटतात आणि जरा कुठे अडकलं की तुटतात. त्रास सगळ्यात जास्त उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना. हात दिवसभर पाण्यात. चार महिने कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या, फरक नाही. नखं घट्ट करणारं हार्डनर लावलं, पहिले काही आठवडे छान वाटलं आणि मग नखं काचेसारखी तडकायला लागली. अंगठ्यावर उभ्या रेषा दिसू लागल्यात, त्यामुळे आतून काही आजार तर नाही ना, ही भीती. पायाची नखं ठीक आहेत.

हे शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला सगळ्यात उपयोगी तेच वाटलं. नखांची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी आधी मोजे काढायला सांगते. रक्त कमी असणं, थायरॉइडची गडबड, खाण्यातली मोठी उणीव अशी शरीराच्या आतली कारणं सहसा निवडक बोटं धरत नाहीत, कमीअधिक प्रमाणात सगळीकडे दिसतात. हाताची नखं तुटतात आणि पायाची धड आहेत, त्यातही हाताची जी बोटं कामाला पुढे असतात तीच जास्त तुटतात, असं असेल तर कारण बहुतेक वेळा बाहेरचं असतं. मी तुमची नखं पाहिलेली नाहीत, त्यामुळे हा अंदाजच आहे. पण पापुद्रे सुटणं, हात पाण्यात असणं आणि हार्डनरनंतर बिघडणं या तिन्ही गोष्टी त्याच दिशेला बोट दाखवतात.

आता नख म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नखाचा जो कडक भाग आपल्याला दिसतो त्यात एकही पेशी जिवंत नसते. नख तयार होतं ते तळाशी, कातडीच्या घडीखाली. अंगठ्यावर जी पांढरट चंद्रकोर दिसते, तो त्या मुळाचाच बाहेर डोकावणारा भाग. तिथे तयार झालेल्या पेशी केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने गच्च भरतात, चपट्या होतात, मरतात आणि एकमेकींना चिकटून पुढे ढकलल्या जातात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकतं, पायाचं जेमतेम १. म्हणजे आज तुमच्या अंगठ्याचं जे टोक तुटतंय ते ५-६ महिन्यांपूर्वी मुळातून निघालेलं आहे. मधल्या काळात त्याने किती वेळा पाणी, साबण, डब्यांची झाकणं आणि नेलपॉलिश रिमूव्हर सोसलं असेल याचा हिशोब करा. कातडीला ओरखडा पडला तर तो भरून येतो. नखाचा सुटलेला पापुद्रा परत चिकटत नाही, त्याच्यात ती ताकदच नसते.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो: मुळातून जे नवं नख येतंय ते टोकाला पोचेपर्यंत धड ठेवायचं. टोकाशी आधीच फाटलेला भाग कशानेही पूर्ववत होणार नाही, तो हळूहळू कापून काढायचा. पी हळद अन् हो गोरी असं नखांच्या बाबतीत कधीच होत नाही. दोन आठवड्यांत नखं मजबूत करून देण्याचं आश्वासन ज्या बाटलीवर लिहिलेलं असेल, ती बाटली नखाच्या वाढीच्या वेगाशीच भांडते आहे.

पापुद्रे का सुटतात? तपासणीच्या खोलीत मी भिंगाखाली नखाचं टोक आडवं धरून बघते. निरोगी नखाची कड एकसंध, किंचित चकचकीत दिसते. तुमच्यासारख्या नखाची कड दिसते भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखी: दोन-तीन पातळ थर एकमेकांपासून अलग झालेले, मध्ये फटी, फटींमध्ये बारीक मळ. सगळ्यात वरचा थर थोडा मागे सरकलेला असतो, त्याखालचा पुढे आलेला, त्यामुळे टोक पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं. नखाची जाडी अर्धा मिलिमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात पेशींचे कितीतरी थर रचलेले असतात. नख पाणी झटपट शोषतं, कातडीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने, कारण त्यात स्निग्धांश फार कमी असतो. पाण्यात गेलं की ते फुगतं, बाहेर आलं की आकसतं. हे दिवसातून पंचवीस-तीस वेळा झालं की पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं जे काही असतं ते सैल होत जातं, आणि साबण उरलासुरला स्निग्धांश धुऊन नेतो. कापलेली निरोगी नखं प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा भिजवून वाळवली, तेव्हाही त्यांचे असेच पापुद्रे सुटले.

इथे एक गैरसमज काढते. अनेक वर्षं असं लिहिलं जायचं की चांगल्या नखात १८ टक्के पाणी असतं आणि ते १६ टक्क्यांखाली गेलं की नख ठिसूळ होतं. नंतर ठिसूळ आणि चांगल्या नखांतलं पाणी प्रत्यक्ष मोजून पाहिलं, तेव्हा दोन्हींत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. त्यामुळे ‘नखाला पाणी कमी पडतंय, पाणी पाजा’ हा सल्ला अर्धवट आहे. दिवसाला चार ग्लास पाणी जास्त पिऊन नखाच्या टोकात काही पोचत नाही. त्रास होतो तो सततच्या भिजण्या-वाळण्याचा.

म्हणजे पहिलं काम हातमोज्यांचं. मला माहीत आहे, हा सल्ला ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण काहीतरी लावायला मिळेल अशी अपेक्षा असते. पण दहा वेळा मलम लावून जे होत नाही ते भांडी घासताना हातमोजे घालून होतं. हातमोजे जरा सैल आणि मनगटाच्या वर जाणारे घ्या, म्हणजे पाणी आत उतरत नाही. आत पातळ सुती हातमोजे घाला. रबराच्या आत घाम येतो, आणि घामाने भिजलेलं नखही भिजलेलंच. सुती हातमोजे ओले झाले की बदला, दोन-तीन जोड ठेवा. काम संपल्यावर रबरी जोड उलटा करून वाळत टाका. आणि ते सिंकजवळ डोळ्यांसमोर लटकवा. कपाटात ठेवलेले हातमोजे कोणी घालत नाही, हे मी इतक्या वर्षांत पुरतं शिकले आहे. फरशी पुसणं, कपडे चोळणं, बाथरूम घासणं यालाही तेच. ब्लीच किंवा तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाशी उघडा हात कधीच नको.

हातमोजे घालता येत नाहीत अशीही कामं असतात. माझ्याकडे मातीची भांडी घडवणारी एक बाई आली होती. दिवसभर चाकावर, हातात ओली माती, आणि ती माती वाळताना नखातला ओलावा खेचून घेणारी. दहाही नखं टोकाशी चिरलेली. हातमोजे घालून चाकावर बसता येणार नाही हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि ते खरंच होतं. मग आम्ही तिच्या दिवसाकडे बारकाईने बघितलं. ती दर पाच-दहा मिनिटांनी हात धुऊन पुसत होती: फोन घ्यायला, चहा प्यायला, काहीतरी उचलायला. ठरवलं ते एवढंच: बसायच्या आधी नखांवर आणि भोवतीच्या कातडीवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, नखं बोटांच्या टोकांपुरती छोटी, आणि हात मधे मधे न धुता काम थांबल्यावर एकदाच नीट धुणं. पाचव्या महिन्यात तिची नखं मी परत भिंगाखाली बघितली, आठ नखांची कड एकसंध होती. पाणी पूर्ण टाळणं तिला शक्य नव्हतं, भिजण्या-वाळण्याच्या फेऱ्या मात्र कमी करता आल्या. तुम्हीही तुमचा एक दिवस असा मोजून बघा. हात किती वेळा ओले झाले याची एका कागदावर रेघ ओढत जा. बहुतेकांना स्वतःचा आकडा बघून धक्का बसतो, आणि त्यातल्या निम्म्या वेळा एकत्र करता येतात.

हात धुणं मात्र कमी करू नका. जिथे स्वच्छतेसाठी धुवायला हवेत तिथे धुवाच. पाणी कोमट ठेवा, साबण सौम्य, बोटांच्या पेरांमध्ये आणि नखांखाली टिपून कोरडं करा आणि लगेच, ओलसरपणा असतानाच, थोडं क्रीम चोळा. एक छोटी ट्यूब प्रत्येक नळापाशी ठेवली की सवय आपोआप लागते.

आता रात्रीची पद्धत. मी सगळ्यांना सांगते ती हीच, आणि मी स्वतःही करते. झोपायच्या आधी बोटांची टोकं कोमट पाण्यात दहा ते पंधरा मिनिटं बुडवायची. बाहेर काढून टिपायची, घासून पुसायची नाहीत. नख अजून मऊ आहे, किंचित ओलसर आहे, त्याच क्षणी त्यावर मलम. वाटाण्याएवढं मलम दहा बोटांना पुरतं. ते फक्त नखाच्या पाठीवर फासू नका. अंगठ्याच्या पोटाने नखाच्या तळाशी, जिथे कातडी नखाला चिकटते तिथे, गोल गोल चोळा, मग दोन्ही कडांना, आणि शेवटी टोकाच्या खालच्या बाजूला. ही खालची बाजू सगळे विसरतात, आणि तिथूनच पाणी आतबाहेर करत असतं. वर सुती हातमोजे घाला आणि झोपा. हातमोज्यांनी झोप येत नसेल तर निदान अर्धा तास ठेवा.

यावर मला हमखास विचारलं जातं: तुम्हीच म्हणता पाण्याने नख फाटतं, मग भिजवायला का सांगता? प्रश्न बरोबर आहे. दिवसभर नख भिजतं आणि उघड्यावर वाळतं, त्यात ते आकसतं. रात्री ते एकदाच भिजतं आणि वर स्निग्ध थर बसल्यामुळे आत गेलेलं पाणी सावकाश निघतं, रात्रभर नख लवचीक राहतं. भिजवून मलम न लावता उठलात तर मात्र नुकसानच कराल. ज्यांची बोटं चिरलेली आहेत, एक्झिमा आहे किंवा नखाभोवती सूज आहे, त्यांनी भिजवणं सोडून द्यावं आणि फक्त मलम लावावं.

मलम कोणतं? साधी पेट्रोलियम जेली उत्तम काम करते. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ, असलेलं मलमही चालतं, पण लॅनोलिनची काहींना अ‍ॅलर्जी असते. १० ते २० टक्के युरिया असलेलं क्रीम एक पाऊल पुढे जातं, कारण युरिया पाणी धरून ठेवतो. फक्त चिरलेल्या कातडीवर ते झोंबतं, तेव्हा आधी चिरा भरू द्या. युरियाच्या क्रीमवर जेलीचा थर दिला तर आणखी चांगलं. घरातलं साधं खाद्यतेलही चालेल, त्याचा थर जेलीइतका टिकत नाही एवढंच. ‘नखांचं खास तेल’ म्हणून जे बारीक बाटल्यांत विकतात त्यात वाईट काही नसतं, पण त्यासाठी खिसा हलका करायची गरज नाही. लिंबू चोळणं, लसूण चोळणं हे मात्र करू नका. लिंबाचं आम्ल कोरडेपणा वाढवतं आणि ठेचलेल्या लसणाने कातडी भाजल्याची उदाहरणं मी स्वतः पाहिली आहेत.

कापणं आणि घासणं. नखं आंघोळीनंतर, मऊ असताना कापा, कोरडं ठिसूळ नख नेलकटरमध्ये दाबलं की कापण्याऐवजी तडकतं. एका दाबात सगळं टोक उडवू नका, कडेकडेने छोटे छोटे तुकडे घ्या. घासायचं मात्र नख पूर्ण वाळल्यावर, बारीक दाण्याच्या फायलरने, एकाच दिशेने, कडेकडून मध्याकडे. करवतीसारखं पुढे-मागे घासलं की थर एकमेकांपासून सुटतात. पापुद्रा सुटायला लागलेला दिसला तर फायलर जरा तिरका धरून ती कड वरून खाली अशी हलकेच गुळगुळीत करा. आणि कृपा करून तो पापुद्रा ओढू नका. फोनवर बोलताना, बसमध्ये बसल्या बसल्या माणसं नकळत दुसऱ्या हाताच्या नखाने ते सोलत असतात, आणि तो बाहेरून अर्धा मिलिमीटर दिसणारा पापुद्रा आत चार मिलिमीटरपर्यंत थर घेऊन निघतो. जिथे तो आतपर्यंत गेला असेल तिथे रंगहीन नेलपॉलिशचा एक हात देऊन ठेवा, म्हणजे कपड्यात अडकणार नाही.

निदान पुढचे सहा महिने नखं छोटी ठेवा, बोटाच्या टोकाबाहेर जेमतेम दिसतील एवढी, आणि कोपरे गोलसर. लांब नख म्हणजे लांब दांडा, टोकाशी थोडा जोर पडला की तळाशी त्याचा ताण कितीतरी मोठा होतो. डब्याचं झाकण, चिकटपट्टी, किल्ल्यांची कडी, बाटलीवरचं लेबल यासाठी नखं वापरू नका. चमच्याचा दांडा किंवा नाणं घ्या.

नखाच्या तळाशी जी पातळ कातडी नखावर आलेली असते, पार्लरमध्ये जिला क्युटिकल म्हणतात, ती कापू नका आणि जोराने मागेही ढकलू नका. ती मुळाच्या दारावरची सीलबंद पट्टी आहे. ती गेली की पाणी आणि जंतू थेट मुळापाशी पोचतात, नखुरडं होतं, आणि हात ओले राहणाऱ्यांमध्ये ते महिनोन्‌महिने रेंगाळतं. मुळाला सूज आली की पुढे येणारं नखही खडबडीत, आडव्या खळग्यांचं येतं.

आता हार्डनर. तुम्हाला जे झालं ते अगदी ठरलेलं आहे, तुमची काही चूक नाही. बऱ्याच हार्डनरमध्ये फॉर्मल्डिहाइड किंवा त्याच्यासारखं रसायन असतं. ते केराटिनच्या धाग्यांमध्ये जास्तीचे सांधे घालतं, म्हणून सुरुवातीला नख टणक लागतं. पण लावत राहिलात की सांधे वाढत जातात आणि नखाची लवचिकता जाते. जे वाकू शकत नाही ते तडकतं. शिवाय त्याने भोवतीच्या कातडीला आणि पापण्यांना अ‍ॅलर्जी होऊ शकते. ते आजच बंद करा. तुमच्या नखांचा हार्डनर लागलेला भाग वाढून निघून जाईपर्यंत तडकणं थोडंफार चालू राहील, त्याने घाबरू नका.

साध्या नेलपॉलिशला मात्र मी नाही म्हणत नाही. उलट नखावर पॉलिशचा थर असला तर पाण्याची ये-जा थोडी मंदावते. नुकसान होतं ते काढताना. अ‍ॅसिटोन नखातला स्निग्धांश ओढून घेतं, नंतर नख पांढरट आणि भुरकट दिसतं ते त्यामुळेच. अ‍ॅसिटोन नसलेला रिमूव्हर जरा सौम्य असतो, तरी कोरडं तोही करतो. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त काढू नका, निघालेल्या जागी वरून एक हात मारून दिवस ढकला, आणि काढल्यावर हात धुऊन लगेच मलम लावा. जेल आणि अ‍ॅक्रिलिकची नखं सध्या पूर्ण बंद. ती काढताना अ‍ॅसिटोनमध्ये बराच वेळ बुडवतात, खरवडतात, आणि कोणी ती ओढून काढली तर नखाचा वरचा थर सोबत घेऊनच निघतात. त्यातल्या अ‍ॅक्रिलेट नावाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी एकदा झाली की आयुष्यभर राहते. पापण्यांना खाज, सूज आणि कारण सापडत नाही अशा काही जणींचं मूळ मला शेवटी त्यांच्या नखांत सापडलं आहे: बोट डोळ्याला लागतं, पापणीची कातडी पातळ असते, ती आधी तक्रार करते.

गोळ्यांबद्दल. कॅल्शियम मीही सुरुवातीच्या वर्षांत लिहून देत असे. माणसं ते मागत, आणि नुकसान तर नाही, असं मी स्वतःला समजावत असे. आज देत नाही. नखाचा टणकपणा कॅल्शियममधून येत नाही, नखात ते नाममात्र असतं. तो येतो केराटिनच्या धाग्यांना जोडणाऱ्या गंधकाच्या बंधांमधून. न्यूझीलंडमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना वर्षभर रोज कॅल्शियम देऊन पाहिलं, २००० साली त्याचे निष्कर्ष छापून आले: नखांमध्ये फरक पडला नव्हता. नखावरचे पांढरे ठिपकेही कॅल्शियमच्या कमतरतेचे नसतात, ते मुळाला कधीतरी लागलेल्या बारीकशा माराच्या खुणा असतात. हाडांसाठी डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं असेल तर ते जरूर चालू ठेवा, नखांसाठी नको.

बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाचं थोडं वेगळं आहे. घोड्यांच्या खुरांना त्याचा फायदा होताना दिसला, तिथून ते माणसांच्या नखांकडे आलं. रोज २.५ मिलिग्रॅम असं काही महिने देऊन नखं जाड झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे, पण त्यांत माणसं मोजकी होती आणि बाजूला खोटी गोळी देऊन तुलना केलेली नव्हती. मोठ्या माणसाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते आणि साध्या चौरस आहारात ती भागते. म्हणजे ही गोळी गरजेच्या ऐंशीपट असते. माझं मत असं: हातमोजे आणि रात्रीचं मलम तीन-चार महिने नेटाने करूनही काही हललं नाही, तर डॉक्टरांशी बोलून सहा महिन्यांपुरतं घेऊन बघायला हरकत नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं. थायरॉइडच्या तपासण्या त्यात येतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यात जे ट्रोपोनिन बघतात तेही येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तेव्हा रक्त द्यायला जाताना बायोटिन घेताय हे सांगाच, आणि किती दिवस आधी बंद करायचं ते डॉक्टरांना विचारा. ‘केस, त्वचा, नखं’ असं लिहिलेल्या बहुतेक गोळ्यांमध्ये ते असतं.

लोहाची गोष्ट मी एवढ्या सहज बाजूला टाकणार नाही. तुमच्या वयात पाळी जास्त जात असेल, दम लागत असेल, थकवा वाटत असेल, केस गळत असतील, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासून घ्या, त्यासोबत थायरॉइडही. लोह खूप कमी झालं की नखं पातळ आणि मऊ होतात, पुढे मधे खोलगट होऊन चमच्यासारखी दिसतात, पाण्याचा थेंब टाकला तर त्या खळग्यात थांबतो. पण तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

अंगठ्यावरच्या उभ्या रेषांची धास्ती सोडा. चाळिशीनंतर नखावर अशा बारीक उभ्या रेषा येणं हे चेहऱ्यावर रेषा येण्यासारखंच आहे. वयाबरोबर मुळाचा वेग आणि एकसारखेपणा कमी होतो. त्या घासून गुळगुळीत करायला बफर वापरू नका, आधीच पातळ असलेलं नख आणखी पातळ होईल.

खालीलपैकी काही दिसलं तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका. एकाच नखावर तपकिरी किंवा काळा उभा पट्टा आला, तो रुंद होतोय किंवा त्याचा रंग नखाच्या तळाच्या कातडीत उतरतोय: हे मेलानोमा नावाच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं, आठवड्याच्या आत दाखवा. सावळ्या रंगाच्या माणसांत अनेक नखांवर असे पट्टे जन्मजात रंगामुळेही असतात, त्यामुळे दिसल्याबरोबर हादरून जाऊ नका, पण दाखवा. नख खालच्या मांसापासून सुटतंय, जाड-पिवळं होऊन भुगा पडतोय, टाचणीने टोचल्यासारखे खळगे आहेत, कातडी तळाकडून नखावर चढून त्याचे दोन भाग करतेय, विसांपैकी बहुतेक नखं सँडपेपरसारखी खरखरीत झाली आहेत, किंवा नखाभोवती लाली आणि ठणका आहे, तरी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बुरशी समजून परस्पर औषध लावू नका. बुरशीसारखी दिसणारी बरीच नखं तपासणीत सोरायसिसची किंवा नुसत्या माराची निघतात, आणि आधीच औषध लावलेलं असलं तर नखाच्या कापातून बुरशी ओळखणंही अवघड होतं.

राहिला प्रश्न फरक पडतोय हे कळणार कसं. अमेरिकेतले डॉक्टर विल्यम बीन यांनी स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तळाशी खूण करून ती टोकाला पोचायला किती दिवस लागतात हे ३५ वर्षं लिहून ठेवलं. बत्तिसाव्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, पण त्यांची पद्धत उचला. आज उजव्या अंगठ्याच्या नखाचा उजेडात फोटो काढा, आणि तळाशी कातडीला लागून कायमस्वरूपी शाईच्या पेनाने एक ठिपका द्या. तो पुसट होईल, दर आठवड्याला तो नखासोबत जिथे सरकला असेल तिथेच परत गिरवा. ठिपक्याच्या मागचं नख म्हणजे काळजी घ्यायला लागल्यानंतरचं नख, पुढचं म्हणजे जुनं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नखाभोवतीची कातडी मऊ होईल, कपड्यात अडकणं कमी होईल, एवढंच. दुसऱ्या महिन्यात ठिपक्याच्या मागे ५-६ मिलिमीटरचा नवा पट्टा असेल, आणि टोक तरीही तुटत असेल. बहुतेक जण इथेच कंटाळून सोडतात, आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं, कारण चांगलं नख तेव्हा निम्म्या वाटेवर असतं. टोकाचा न्याय ठिपका टोकाला पोचल्यावर करा. तुमच्या बाबतीत तो पाचव्या-सहाव्या महिन्यात पोचेल. त्या दिवशी परत तसाच फोटो काढा. तरीही पापुद्रे तसेच सुटत असतील, तर दोन्ही फोटो आणि या काळात हाताला काय काय लागलं, गोळ्यांसकट कोणती औषधं घेतली, याची यादी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाला भेटा, आणि त्या दिवशी नखांवर पॉलिश लावून जाऊ नका.